लघुउद्योगांना संशोधनासाठी अनुदान हवं, की पहिली ऑर्डर?

भोसरीकर
संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. सैन्यदलांनी अडचण सांगायची, स्टार्टअपने किंवा लघुउद्योगाने नमुना करून दाखवायचा, अनुदान दीड कोटीपर्यंत, तेवढाच वाटा आपला. पुढे आयडेक्स प्राइममध्ये १० कोटी, २०२४ च्या अदिती योजनेत २५ कोटी. आकडे वाढले, छानच. पण आमच्यासारखे मरतात ते अनुदान कमी पडलं म्हणून नाही, नमुन्यानंतर काहीच घडत नाही म्हणून.

विमानासाठीचा दाबमापक सेन्सर टेबलावर कोणीही चालवून दाखवेल. उणे ४० अंशांना आतलं पॉटिंग, म्हणजे सर्किटवर ओतलेलं संरक्षक रेझिन, आक्रसतं, सोल्डरचा सांधा तडकतो आणि रीडिंग सरकायला लागतं. ते निस्तरायला चांगली माणसं अडकून पडतात आणि पगार एक तारखेला द्यावाच लागतो. एका सरकारी खात्यासाठी केलेला आमचा नमुना चाचणीत पास झाला. मग निविदा निघाली, त्यात तीन वर्षांची उलाढाल मागितलेली. आम्ही बाद! अनुदान निम्मं करा हवं तर, पण पास झालेल्याचे पहिले पन्नास नग घ्या.

पाषाणचे काका
तुमचं प्रकरण आयडेक्सचं दिसत नाही. तिथे यशस्वी नमुन्यांसाठी डीएपी २०२० मध्ये, म्हणजे संरक्षण खरेदीच्या नियमावलीत, खरेदीचा वेगळा रस्ता ठेवलाय. असो.

मुद्दा असा की नमुना पास म्हणजे माल पास नव्हे. पहिला नग मालक स्वतः मांडी घालून जुळवतो. तिसावा नग नवा हेल्पर जुळवतो, आणि विमानात तोही बसतो. पन्नास सारखे निघतील याची हमी कोण देणार? शिवाय ऑर्डर हमखास आहे म्हटल्यावर नुसते प्रस्ताव लिहून जगणारे उगवतील. अमेरिकेच्या संसदेत यावरूनच वाद झालाय: त्याच त्या कंपन्या वर्षानुवर्षं सरकारी पैसा उचलतात आणि बाजारात वस्तू काही येत नाही.

डेटनकर
मी ओहायोत, हवाई दलाच्या संशोधन तळाजवळच राहतो, म्हणून लिहितो. इथला लघुउद्योग संशोधन कार्यक्रम, एसबीआयआर, १९८२ च्या कायद्याने आला. ज्या खात्याचं बाहेर द्यायचं संशोधन बजेट १० कोटी डॉलरच्या वर, त्याने त्यातले किमान ३.२ टक्के पाचशेपर्यंत माणसं असलेल्या कंपन्यांसाठी राखायचे. पहिल्या टप्प्यात कल्पना तपासायची, दुसऱ्यात नमुना. तिसऱ्या टप्प्याला या निधीतून दमडी मिळत नाही, पण खातं त्याच कंपनीकडून पुन्हा स्पर्धा न लावता माल घेऊ शकतं. घेईलच असं नाही, दार मात्र उघडं असतं. भोसरीकर मागतायत ते साधारण हेच.

आता काकांच्या 'त्याच त्या कंपन्यां'बद्दल. न्यू हॅम्पशायरची क्रिएअर ही त्यातलीच, दशकानुदशकं असे करार मिळवणारी. हबल दुर्बिणीवरच्या निकमॉस या अवरक्त कॅमेऱ्याला थंड ठेवणारा गोठलेला नायट्रोजन जानेवारी १९९९ मध्ये संपला. एवढं महागडं उपकरण आंधळं होऊन बसलं. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी क्रिएअरचा शीतक बसवला. चिमुकली टर्बाइनं, मिनिटाला ४ लाखांपर्यंत फेरे, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला फिरणारा निऑन वायू. कॅमेरा पुन्हा पाहू लागला. आता 'बाजारात याचे किती नग खपले?' असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?

हिशेबनीस
एक हबल दाखवलं की बाकीचा खर्च माफ? सब्रिना हॉवेल यांचा २०१७ चा अभ्यास आहे, अमेरिकी ऊर्जा खात्याच्या याच कार्यक्रमावर. पहिल्या टप्प्याचा छोटा निधी मिळालेल्या कंपन्यांना पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेचा तसा परिणाम दिसला नाही. मग छोटे चेक पुष्कळांना द्या आणि बाजूला व्हा. खरेदीची हमी कशाला? पैसा करदात्याचा आहे.

सोल्डरगन
ऊर्जा खातं हो, विमानाचे सेन्सर नव्हेत! बॅटरीला बाजार आहे. विमानातल्या दाबमापकाला गिऱ्हाईक एकच, तेही सरकार. असलं प्रपोजल बघून फंडवाले फोनसुद्धा उचलत नाहीत. एकुलतं एक गिऱ्हाईक 'मी बाजूला होतो' म्हणालं तर संपलंच की.

हिशेबनीस
मग निर्यात करा.

सोल्डरगन
परदेशी गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, तुमच्या देशाच्या सैन्याने घेतलाय का?

पाषाणचे काका
यात तथ्य आहे. पन्नास सोडा, दहा घ्या. त्यातले तीन खात्याने स्वतः उचलायचे, कंपनीने निवडून द्यायचे नाहीत. ते थेट गारठ्याच्या चाचणी चेंबरमध्ये, नंतर कंपन चाचणी. एक जरी फसला तरी दहाही परत.

भोसरीकर
दहा तर दहा. तीन तुमच्या पसंतीचे, मान्य. पण बिल ४५ दिवसांत, एमएसएमई कायद्यात लिहिलंय तसं. आणि चेंबरचं भाडं खात्याने भरायचं.

पाषाणचे काका
माल पास झाला तर खातं भरेल. फसला तर तुम्ही.

हिशेबनीस
आणि चेंबरचा नंबरच सहा महिन्यांनी लागला, तर ४५ दिवस मोजायचे कुठून?