आग थांबली की हे रान संपतं
"राष्ट्रीय उद्यानात मुद्दाम आग का लावतात?" हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडात एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पाइन रानात १९५८ पासून ठरवून आग लावतात. ती थांबली की दोन-तीन दशकांत रुंद पानांची झाडं दाटतात आणि सावलीत खालची फुलझाडं मरतात.

तिथे माती जवळपास नाहीच, चुनखडीच्या खाचाखळग्यांत मुळं रुतलेली. आगीत सॉ पामेटो या बुटक्या ताडाची पानं जळून कोळसा होतात, पण खडकाला चिकटून आडवं पसरलेलं खोड जगतं. थोड्याच दिवसांत त्याच्या टोकातून हिरवा पंखा उघडतो! पाइनला जाड साल वाचवते.

मायामी शहराखाली गेलेलं रान मात्र कायमचं गेलं, याचं फार वाईट वाटतं. उरलेल्या तुकड्यांना घरं खेटून आहेत. धुराच्या भीतीने तिथे आग लावणंच अवघड होतं.