ठिपक्यांवरून फसू नका

भाऊ, यावलजवळच्या केळीच्या मळ्यातला तुम्ही काढलेला, ‘बहिरी ससाणा’ म्हणून टाकलेला फोटो पाहिला. निंबावर बसलेला तो तपकिरी पक्षी बहिरी ससाणा नाही, शिक्र्याचं, म्हणजे लहान शिकारी पक्ष्याचं, यंदाचं पिल्लू आहे. छातीवर उभे, थेंबासारखे ठिपके आहेत ना? पूर्ण वाढलेल्या शिक्र्याच्या छातीवर बारीक आडव्या तांबूस रेघा असतात, पाठ राखाडी. गळ्याच्या मधोमध एक गडद उभी रेघही दिसतेय. बहिरी ससाण्याच्या गालावर मिशीसारखा काळा पट्टा असतो, पंख लांब नि टोकदार. इथे पंख आखूड, शेपूट लांब.

खरी गंमत पुढे आहे. पावसाळ्यात पावश्याचं, म्हणजे सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेच्या भाऊबंदाचं, पिल्लूही हुबेहूब असंच दिसतं, मीही एकदा फसलोय. तेव्हा चोच बघा: शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी, पावश्याची सरळसर. आणि सातभाई त्याला अळ्या भरवताना दिसले, तर प्रश्नच मिटला, तो पावश्याच!

बांधावरच्या बाभळीवर कापशी (लहान पांढरट-राखाडी घार) असेल, तर तिच्या पिल्लाच्या डोक्या-छातीवर तपकिरी झाक नि पाठीवर खवले दिसतील. लाल डोळे नंतर येतात.

फोटो मात्र लांबूनच काढा. घरट्याखाली फार वेळ उभं राहिलं की कावळ्यांना पत्ता लागतो.