लव्हबर्ड एकदम चावरा झालाय, मादी असेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आहे. पिल्लू असताना आणला, आता वर्षाचा होऊन गेलाय. नर समजून नाव ठेवलं राजा. हल्ली त्याचं काहीतरी बिनसलंय. बाहेर असला की खांद्यावर बसून मान खाजवून घेतो, पण पिंजऱ्यात हात घातला की पिसं फुलवून अंगावर येतो आणि रक्त काढतो. दाण्याची वाटी बदलायलाही कोणी धजावत नाही. शिवाय कागदाच्या एकसारख्या लांब पट्ट्या कातरतो आणि शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून मिरवतो!

घरच्यांचं म्हणणं, ही मादी आहे आणि मादी खडूसच असते. सोबतीला नर आणला की निवळेल. मला हे काही पटत नाहीये. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, मग ओळखायचं कसं? आणि हा स्वभाव आता कायमचा का?

---

प्रतिसाद:

पट्ट्या पिसांत खोचणं हे मादीचंच लक्षण. नरही कधीकधी खटपट करतात, पण त्यांना सहसा जमत नाही. पक्कं हवं असेल तर पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी होते.

"मादी खडूस" हे सरसकट खरं नाही, पोपटाच्या जातीवर आहे. लव्हबर्ड आणि बजीत मादी वरचढ, जागेवर हक्क सांगणारी. कॉकाटेलमध्ये शीळ घालणं, नकला, मिरवणं हे नराचं काम, मादी बहुधा गप्प. कॉकटूचा नर तर कधीकधी स्वतःच्या मादीच्याच जिवावर उठतो. त्यातही एकेका पक्ष्याचा स्वभाव वेगळा असतोच.

तुमची राणी (राजा नको आता) घरटं राखतेय. हा भर ओसरतो. तोवर रात्री 10 ते 12 तास सलग अंधार द्या, पेटी-खोपा असं आडोशाचं काहीही काढून टाका, पाठीवरून हात फिरवू नका, फक्त डोकं आणि मान. वाटी ती बाहेर असतानाच बदला.

नर मुळीच आणू नका, अंड्यांचा सिलसिला सुरू होईल. अंडी ती एकटीही घालू शकते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. घातलीच तर लगेच उचलू नका, नाहीतर भरपाई म्हणून आणखी घालत बसते. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी कटलबोन (समुद्रफेस) असू द्या. आणि ती तळाशी फुगून बसली, शेपटी हलवत जोर लावतेय असं दिसलं, तर अंडं अडकलेलं असू शकतं. मग उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

---

धागाकर्ता:

खूप आभार. नर आणायचा बेत रद्द. झोपायची लाकडी पेटी आजच काढतो, तिच्यातच ती तासन् तास बसून असते. एक शंका: तळाच्या जाळीखाली अंथरलेला कागदही ती फटीतून ओढून घेते. त्याऐवजी काय घालता तुम्ही?