जोसेफ के या बँडने तयार अल्बम खरंच गुंडाळला होता का?

गच्चीवाला_इंदूर:
आम्ही चौघं राजेंद्रनगरात मित्राच्या गच्चीवर वाजवतो. दिवाळीनंतर पैसे जमवून स्टुडिओत पाच गाणी केली. आवाज इतका तुकतुकीत आलाय की आमचा वाटतच नाही. बासवाला म्हणतो, पैसे मोजलेत, टाका नेटवर. मला गच्चीवर फोनवर केलेलंच आवडतं. त्यात खालच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आलीय, तीही नेमकी सुरात! ड्रमर म्हणाला, स्कॉटलंडच्या जोसेफ के बँडनेही स्टुडिओत केलेला अल्बम असाच बाजूला ठेवला होता. खरं का?

जुना_कॅसेटवाला:
खरंय. एडिनबरोची पोरं ती. गायला पॉल हेग, गिटारवर तो आणि माल्कम रॉस. नाव काफ्काच्या 'द ट्रायल'मधल्या नायकाचं. ग्लासगोच्या पोस्टकार्ड रेकॉर्ड्सने १९८० मध्ये त्यांना घेतलं. ऑरेंज ज्यूस हा बँडही त्याच कंपनीचा.
'सॉरी फॉर लाफिंग' नावाचा अल्बम तयार झाला, चाचणीच्या थोड्या प्रतीही निघाल्या. पण सगळं फार घोटीव झालंय, स्टेजवरची धार गेली, म्हणून तो बाजूला ठेवला आणि ब्रसेल्सला जाऊन नव्याने वाजवला. तो 'द ओन्ली फन इन टाउन', १९८१ चा. त्याच वर्षी बँड मोडला. पूर्ण अल्बम तेवढा एकच!
डॉमिनो कंपनीने २००६ मध्ये 'एन्टोमॉलॉजी' हा संग्रह काढला, तो भाच्याने लंडनहून आणला. दोन्ही खेपांतली गाणी आहेत त्यात. माझं मत विचाराल तर नव्या खेपेत गिटारी कात्रीसारख्या चालतात, पण हेगचा आवाज इतका मागे ढकललाय की शब्द शोधत बसावं लागतं. जुन्यात शब्द कळतात, पण गाणी इस्त्री करून घडी घातल्यासारखी. म्हणजे पोरांचं म्हणणं बरोबर होतं, उपाय जरा अतीच झाला. तुमची स्टुडिओची फाइल पुसू नका हो, एवढंच.

सराफ्याचा_गराडू:
काका, मग एकाच अल्बमवर मोडला कसा? भांडणं?

जुना_कॅसेटवाला:
हेगलाच पुढे रेटायचं नव्हतं. रॉस ऑरेंज ज्यूसमध्ये गेला, तिथून अॅझ्टेक कॅमेरा या बँडात. गंमत म्हणजे 'सॉरी फॉर लाफिंग' हे गाणं १९८५ मध्ये प्रोपगंडा या जर्मन बँडने आपल्या अल्बमात घेतलं, तेही चकाचक सिंथेसायझरवर! आणि फ्रँट्झ फर्डिनांड या बँडच्या गिटारी आवडत असतील तर ही वाट मागे जोसेफ केपर्यंत जाते.

गच्चीवाला_इंदूर:
काका, काल गच्चीवर सगळ्यांना दोन्ही खेपा ऐकवल्या. तासभर वाद झाला, पोहे गार झाले. बासवाला अर्धा वळलाय. म्हणतो, "कुकर राहू दे, पण मग माझा बास कुकरपेक्षा मोठा पाहिजे."