पन्नीचं खापर बायकांच्याच डोक्यावर का?

महालची_सून: परवा इथं एका सज्जनांनी लिहिलं, ‘नागपुरात प्लास्टिक वाढलं ते घरच्या बायकांच्या आळसामुळे. थैली उचला, प्रश्न मिटला.’ डोकंच फिरलं. थैली माझ्या गाडीच्या हुकाला कायम लटकलेली असते. पण घरचा सुका कचरा एकदा उपडा करून बघा: दुधाच्या पिशव्या, तेलाचे पाऊच, बिस्किटांचे पुडे, शाम्पूच्या पुड्या. त्यात भाजीची पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, किती? राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाची रिकामी पिशवी परत घेऊन किमान ५० पैसे द्यायचे ठरलं होतं. आमच्या दूधवाल्याला विचारलं, तर तो नुसता हसला.

स्पष्टवक्ता_धरमपेठ: तो सज्जन मीच. शब्दावर ठाम आहे. गोकुळपेठच्या बाजारात उभं राहून बघा. सांबाराला (कोथिंबिरीला) वेगळी पन्नी, मिरचीला वेगळी, दोन लिंबांना वेगळी. घरी गेल्यावर सगळं एकाच टोपलीत.

इतवारी_किराणा: पन्नी नाही दिली तर गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जाते. दिली तर पथक पाच हजाराची पावती फाडते. बनवते कोण, ते कोणी पाहत नाही. आणि त्या रंगीत ‘कापडी’ पिशव्या मिरवता ना, हातात चुरा होणाऱ्या? तेही प्लास्टिकच आहे राजेहो.

आकडेमोड: डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल वाचा. नवी सुती पिशवी फक्त हवामानाचा परिणाम धरला तरी ५२ वेळा वापरावी लागते, सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. तेव्हा कुठं प्लास्टिकशी बरोबरी.

महालची_सून: माझी थैली आजेसासूच्या लुगड्याची आहे. तिचा हिशेब डेन्मार्कला जमायचा नाही. आणि रस्त्यावर पडणारा कचरा त्या अहवालात धरलेलाच नाही, हे सांगायचं राहिलं का?

खामला_काकू: बायकांचं सोडा, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या कोण फेकतं? आमच्या फाटकासमोरची नाली बघा. चौकोनी, चुरगळलेल्या, आत उरलेला चुरा. रोज सकाळी मी काडीनं काढते.

टपरीबहाद्दर: खर्ऱ्यावर काहून घसरले बापा? सुपारी, तंबाखू, चुना कागदावर घोटल्या जात नाही. कागद फाटते.

खामला_काकू: मग खाऊ नका! माझ्या भावाचं तोंड आता दोन बोटं उघडत नाही. जेवण पातळ करून द्यावं लागतं. पन्नीपेक्षा त्याचा राग जास्त आहे, हो, आहे!

टपरीबहाद्दर: काकू, भावाचं वाईट वाटलं. पण धागा प्लास्टिकचा आहे, माझ्या तोंडाचा नाही.

स्पष्टवक्ता_धरमपेठ: चला, निदान खर्रा तरी बायका घोटत नाहीत. दुधाच्या पिशवीचंही मान्य. ‘बायका’ ऐवजी ‘घरची मंडळी’ वाचा. लिंबांची पन्नी मात्र माफ नाही.

महालची_सून: मोठी मेहेरबानी. त्या मंडळीत तुम्हीही येता ना? मग येत्या बुधवारी बाजाराला तुम्हीच जा.

टपरीबहाद्दर: मी डबी घेऊन गेलो होतो टपरीवर. तो म्हणे घोटायला पन्नी लागतेच, मग डबीत टाकून देतो. फरक काय पडला?

इतवारी_किराणा: अरे, ती पन्नी त्याच्याजवळ राहते. तीच दहा जणांना पुरते. काकूच्या नालीत येत नाही.

खामला_काकू: दहा जणांना एकच पन्नी? शी!