‘रिकॉल’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि खोट, दोष, बिघाड यांत फरक काय)

पोटमाळा:
मंडळी, एक शब्द अडलाय. साताऱ्याच्या काकांनी पेपरात वाचलं की एका कंपनीने इतक्या हजार गाड्या परत मागवल्या, मॉडेल नेमकं काकांचंच, मग काय, काका सकाळी पूजा उरकून आरसी बुक, विम्याचे कागद, दोन्ही किल्ल्या पिशवीत घालून शोरूमला हजर आणि काउंटरवरच्या पोराला म्हणाले, ही घ्या गाडी, चेक कधी देताय? पोरगं हसलं, काका भडकले. मला विचाराल तर काकांचं काही चुकलं नाही. ‘परत मागवली’चा मराठीत दुसरा काय अर्थ होतो? शेजारीण वाटी परत मागते तेव्हा ती वाटी घासूनपुसून पुन्हा आपल्याला आणून देत नाही. इथे दीड तासात एक पाइप बदलला आणि गाडी पुन्हा काकांच्याच गळ्यात.
तर पहिला प्रश्न, रिकॉलला नीट शब्द काय? दुसरा, ‘डिफेक्ट’ला कोण दोष लिहितं, कोण बिघाड, कोण त्रुटी, बरोबर कुठलं? आणि या सगळ्यावर आमच्या मेव्हण्याचं म्हणणं, फॉरेनची गाडी घ्या, त्यांच्यात असलं काही नसतं. हे कितपत खरं तेही सांगा.

सुतारपक्षी:
‘प्रत्यावाहन’ सुचवतो. प्रति + आवाहन. नेमका आहे, आणि पोटात ‘वाहन’ही आपोआप आलंय.

पोटमाळा:
शब्द छान आहे हो पण सत्यनारायणाच्या पूजेत भटजी म्हणतील असा वाटतोय. काका पळीपंचपात्र घेऊन शोरूमला जातील.

सुतारपक्षी:
हसा. नवा शब्द आला की आधी हसायचं ही आपली जुनी रीत. बरं, शब्द राहू दे, क्रियापद तरी धड वापरा. माणसाला बोलावतात, वस्तू मागवतात. राजदूताला माघारी बोलावतात, नगरसेवकाला परत बोलावण्याचा हक्क हवा म्हणतात, तिथेही इंग्रजीत रिकॉलच. पण मागवणं म्हणजे माल आपल्याकडे घेणं, मालकी बदलणं. पेपरवाल्यांनी ‘परत मागवल्या’ लिहिलं तिथेच घोटाळा झाला. ‘दुरुस्तीसाठी बोलावल्या’ लिहिलं असतं तर काकांचा हेलपाटा वाचला असता.

अर्धाचहा:
मी कोल्हापुरात सर्व्हिस सेंटरला आहे (कंपनी विचारू नका). आमच्याकडे रिकॉल हा शब्द तोंडातून काढायचाच नाही, वरून सांगून ठेवलंय. म्हणायचं ‘कॅम्पेन’. सर, तुमच्या गाडीचं कॅम्पेन निघालंय. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, कुठल्या पक्षाचं? चेसिस नंबर टाकला की कॉम्प्युटरवर दिसतं गाडी कॅम्पेनमध्ये आहे का नाही, असली तर जॉब कार्ड शून्य रुपयाचं बनतं, एवढंच. आणि एक सांगू, काका अगदीच चूक नव्हते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली त्यात ११०-अ कलम आलं, सरकारने रिकॉलचा हुकूम काढला तर कंपनीने पैसे परत द्यायचे, किंवा गाडी बदलून द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची असं त्यात आहे. नियम लागू झाले एप्रिल २०२१ पासून, आणि तेही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. आता पेपरात येतात ते बहुतेक कंपनीने आपणहून काढलेले असतात आणि त्यात पाइपच बदलून मिळतो, पण चेक शब्द कायद्यात अगदी नाहीच असं नाही.

पोटमाळा:
हे काकांना कळवू नका कुणी, पुन्हा जातील.

खानदेशी_कढी:
डिफेक्टचं मी सांगतो. बिघाड हा शब्द तिथे चालतच नाय. बिघाड ‘होतो’, खोट ‘असते’. बस, क्रियापद बघा, सगळा फरक तिथेच आहे. बिघडायला आधी चांगलं असावं लागतं, पंखा दहा वर्षं फिरला आणि बंद पडला तर बिघाड. खोट मुळातली, बनवतानाची. सोन्यात खोट, नाण्यात खोट, माणसाच्या मनात खोट. आणि खोटचा आणखी एक अर्थ नुकसान, ‘धंद्यात खोट आली’, म्हणजे एकाच शब्दात कारण पण आलं आणि परिणाम पण. ‘दोष’ पुस्तकी आहे, वरून ‘दोष देणे’ आहेच, त्यामुळे गाडीतला दोष का गाडीवानाला दोष ते कळत नाय. ‘खोड’ मात्र वेगळी. बैलबाजारात दात बघतात आणि खोड विचारतात. मारका आहे का, चालता चालता बसतो का. खोड रोज दिसत नाय, विकणारा ती लपवतो आणि पहिल्या पेरणीला घेणाऱ्याला कळते. मला तर गाड्यांच्या बाबतीत खोडच जास्त पटते.

मिशिगनकर:
खानदेशी, नमस्कार तुम्हाला. मी डेट्रॉइटजवळ वीस वर्षं गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि तुमचा हा ‘होतो’ आणि ‘असते’चा फरक इथे अब्जावधी डॉलरचा ठरलाय, सांगतो.

२०१४ ला जनरल मोटर्सचं इग्निशन स्विचचं प्रकरण निघालं. शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्या. किल्ली फिरवतो त्या स्विचची पकड ढिली, जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली मागे सरकायची, धावत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही उघडायची नाही. २६ लाखांच्या आसपास गाड्या. नुकसानभरपाईच्या फंडाने शेवटी १२४ मृत्यू मान्य केले. कंपनीत लोकांना हे दहा वर्षं माहीत होतं. मग गप्प का बसले? तर गाडी मध्येच बंद पडते याची नोंद त्यांनी सुरक्षेच्या खात्यात केलीच नव्हती, ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात केली होती. गैरसोय! एसीचा आवाज येतो ती गैरसोय आणि हायवेला इंजिन बंद पडतं तीही गैरसोय. खातं चुकलं की निकड संपली, पुढची दहा वर्षं मीटिंगा.

आणि आता शब्दचर्चेसाठी खास. मे २०१४ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांना साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला, त्या करारासोबत कंपनीचं २००८ चं एक ट्रेनिंगचं प्रेझेंटेशन बाहेर आलं. इंजिनिअर लोकांनी रिपोर्टमध्ये कुठले शब्द लिहायचे नाहीत त्याची यादी, ६९ शब्द. त्यात ‘डिफेक्ट’ नाही लिहायचं, ‘डिझाइनप्रमाणे काम करत नाही’ लिहायचं. ‘प्रॉब्लेम’ नाही, तर ‘बाब’, ‘परिस्थिती’. ‘सेफ्टी’ तर नाहीच. शिवाय ‘मृत्यूचा सापळा’, ‘टायटॅनिक’, ‘चालती शवपेटी’ असलेही शब्द यादीत होते. आता मनाई असलेला शब्द यादीत येतो तो कुणीतरी आधी लिहिला म्हणून येतो ना? म्हणजे कुठला तरी बिचारा इंजिनिअर रिपोर्टात चालती शवपेटी लिहून बसला असणार असं आम्ही जेवणाच्या सुट्टीत म्हणायचो.

सुतारपक्षी:
‘डिझाइनप्रमाणे काम करत नाही’ आणि ‘खोट आहे’. पहिल्यात कोणाचंच नाव नाही. आमच्या सरकारी मराठीत ‘कार्यवाही प्रगतीपथावर आहे’ म्हणतात त्याच जातीचं वाक्य.

पोटमाळा:
म्हणजे आपला अर्धाचहाचा ‘कॅम्पेन’पण त्याच यादीतला.

अर्धाचहा:
मी नोकरदार माणूस. 🙏

खानदेशी_कढी:
मिशिगनकर, ते टोयोटाचं काय झालेलं, गाडी आपोआप पळायची ते? त्याला मराठी शब्द मी देतो, ‘उधळणे’. बैल उधळला, घोडा उधळला, गाडी उधळली. याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत असेल तर दाखवा.

मिशिगनकर:
वा! शब्द एक नंबर पण तिथेच वाद आहे बघा. उधळला म्हटलं की जनावराने केलं. टाच कुणी मारली का हे विचारायचंच राहतं. १९८६ ला ऑडी ५००० वर टीव्हीवर कार्यक्रम झाला, गाडी आपोआप सुटते म्हणून, खप कोसळला, आणि १९८९ ला सरकारी अहवाल आला की बहुतेक ठिकाणी लोकांनी ब्रेकच्या ऐवजी ॲक्सिलरेटर दाबला होता. तोवर कंपनीचं व्हायचं ते नुकसान झालेलं.

टोयोटाचं त्याहून गुंतागुंतीचं. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ एका लेक्ससला अपघात झाला, चार जण गेले. गाडी डीलरने तात्पुरती दिलेली, त्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट, तीत पेडल अडकलं. मग मॅटचा रिकॉल निघाला. जानेवारी २०१० ला दुसरा, पेडलच चिकटून राहतं म्हणून, २३ लाख गाड्या, आठ मॉडेलांची विक्री बंद. परिवहन मंत्री रे लाहूड संसदेच्या समितीपुढे म्हणाले या गाड्या चालवू नका, आणि त्याच दिवशी म्हणाले, चुकून बोललो. टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकियो टोयोडा स्वतः येऊन २४ फेब्रुवारीला सुनावणीत बसले. लोकांना संशय इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणून काम थेट नासाकडे दिलं, त्यांना २०११ पर्यंत शोधून तसा पुरावा मिळाला नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनिक भूत नव्हतं, पण मॅट आणि पेडल खरे होते, आणि कंपनीने लोकांपासून माहिती दडवली म्हणून २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरले. आता सांगा यातली खोट कुठली, बिघाड कुठला आणि चूक कुणाची. मॅटच्या अपघातात मला तर तिन्ही दिसतात.

खानदेशी_कढी:
दडवली त्याला मात्र मी खोटच म्हणणार. मनातली.

पोटमाळा:
बरं आता मेव्हण्याचं उत्तर द्या कुणीतरी, परदेशी गाडी.

मिशिगनकर:
टोयोटाच्या त्या प्रकरणात इथे हाच वाद पेटलेला. बघा, परदेशी गाडी घेतली की असं होतं, आपली घ्या. युनियनच्या पार्किंगमध्ये परदेशी गाड्यांना मनाई अशा पाट्या असायच्या. त्यात सरकारने २००९ मध्ये जीएमला (म्हणजे जनरल मोटर्सला) वाचवताना तिचे साठ टक्क्यांच्या वर शेअर स्वतःकडे घेतलेले, म्हणून उलट बाजू म्हणे सरकार आपल्या कंपनीसाठी जपान्यांना झोडतंय. पण ‘परदेशी’ म्हणजे कुठली हो? टोयोटा कॅमरी १९८८ पासून केंटकीच्या जॉर्जटाउनला बनते. फोर्ड फ्यूजन, नाव अमेरिकन, बनायची मेक्सिकोत हर्मोसिलोला. १९९२ च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी लावावी लागते, किती टक्के पार्ट अमेरिका-कॅनडाचे ते. आणि कमाल म्हणजे ते चिकटणारं पेडल कुणाचं? इंडियानातल्या एल्कहार्टच्या सीटीएस कंपनीचं. ज्या टोयोटांना जपानी डेन्सोचं पेडल होतं त्या या रिकॉलमध्ये नव्हत्याच. आमच्या गल्लीतला शेजारी तरी शेवटपर्यंत ‘जपानी पेडल’च म्हणत राहिला.

सुतारपक्षी:
‘विलायती’ हा शब्दही असाच फसवा. विलायती चिंच मूळची मेक्सिकोकडची, पण आपल्या गावातल्या पोरांनी दगड मारून पाडून खाल्लेली. आता ती परदेशी म्हणायची का?

अर्धाचहा:
आमच्याकडे लोक फॉरेन म्हणतात तेव्हा त्यांना देश नकोच असतो, त्यांना ‘पत्रा’ हवा असतो. शोरूमला येऊन बोनेटवर बोटाने टकटक करतात. पत्रा जाड आहे. याचा पत्रा म्हणजे डबा आहे नुसता. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो घ्या, नाव जर्मन, २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) आपल्याकडच्या पाच गाड्या आपटून बघितल्या त्यात ती पण होती, बिनएअरबॅगची, शून्य स्टार. तिचा सांगाडा तग धरून होता बरं का, पण आतल्या माणसाचं काय. कंपनीने मग बिनएअरबॅगची विकायची बंद केली आणि दोन एअरबॅगवाली चार स्टार घेऊन पास झाली. तीच गाडी, तोच पत्रा! आणि पहिली पाच स्टारवाली देशी गाडी २०१८ ला टाटाची नेक्सॉन, रांजणगावची. पुढचा भाग तर चेपावा म्हणूनच बनवलेला असतो, तो चेपला म्हणून लोक शिव्या देतात.

पोटमाळा:
टकटक तर मी पण करतो. गुन्हा कबूल.

खानदेशी_कढी:
कलिंगड घेताना करतो तीच सवय.

पोटमाळा:
मग मेव्हण्याला सांगतो, देश विचारू नको, स्टार विचार आणि चेसिस नंबर टाकून बघ. आता रिकॉलचं फायनल करा. मी म्हणतोय ‘खोटदुरुस्ती’. कंपनीने चाळीस हजार गाड्यांची खोटदुरुस्ती काढली.

सुतारपक्षी:
समास बरा आहे. पण कुठली कंपनी स्वतःच्या पत्रात ‘खोट’ छापेल?

अर्धाचहा:
आमच्याकडे तर जॉब कार्डवर सुद्धा येणार नाही हो ते. पण गिऱ्हाइकाला फोनवर सांगायला चालेल, साहेब जवळ नसतील तेव्हा.

मिशिगनकर:
आमच्या घरी आई ‘गाडीला बोलावणं आलंय’ म्हणते. छोटं आहे, कळतं पण.

खानदेशी_कढी:
नको नको. आमच्याकडे बोलावणं आलं म्हणजे वरून आलं.

पोटमाळा:
ता. क. काकांना आत्ता फोन केला होता. ते म्हणाले शब्दाचं तुम्ही बघा, पण त्या पोराने जुना पाइप मला का दिला नाही?