'धोरण' लिहिलं की विचारतात, दहावीचं की बारावीचं? (थिंक टँकला मराठी शब्द)

रावपुऱ्याची सून
मंडळी, अडले आहे. इथे बडोद्यात ओळखीच्यांची एक छोटी संस्था आहे. घरपट्टी, पाणीपुरवठा, शहर बससेवा असल्या विषयांचा अभ्यास करतात, अहवाल काढतात आणि नगरसेवकांच्या, अधिकाऱ्यांच्या हातात नेऊन देतात. त्यांच्या माहितीपत्रकाचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. मी झोकात 'धोरण अभ्यास केंद्र' लिहिलं. दांडिया बाजारातल्या छापखान्यात प्रूफ दाखवलं तर तो म्हणतो, "कयुं धोरण? दसमुं के बारमुं?" गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता, हे डोक्यातच आलं नाही! बरं, 'नीती' घालावं तर सासरे म्हणतात, संस्कारवर्ग काढलेत का? 'पॉलिसी' लिहिलं तर लोक विम्याचा हप्ता विचारतील. असल्या संस्थेला, म्हणजे थिंक टँकला, शब्द सुचवा. आणि नॉन-प्रॉफिटला 'ना नफा ना तोटा' चालेल ना?

शनिवारपेठी
विचारगट. संपलं. आणि धोरण बदलू नका. 'धोरणी माणूस' म्हणतो तेव्हा आपल्याला दहावीचा वर्ग आठवतो का? शेजारच्या भाषेत अर्थ वेगळा आहे म्हणून आपण आपला शब्द टाकायचा, हे काही पटत नाही.

सूरसागरकाठचा
काका, पत्रक बडोद्यात, सूरसागर तलावाच्या काठी वाटायचंय, मुळा-मुठेच्या नाही. आमच्याकडे घरात मराठी, भाजी घेताना गुजराती, कोर्टकचेरीत तिसरंच. वाचणाऱ्याला काय कळतं ते बघायचं की व्युत्पत्ती बघायची? आणि विचारगट म्हणजे चार निवृत्त लोक चहा पीत बसलेत असं वाटतं. या संस्थांमध्ये पगारी संशोधक असतात, आकडेवारी खणतात, विधेयक कलमवार वाचतात. दिल्लीतली पीआरएस ही संशोधन संस्था २००५ पासून खासदारांसाठी हेच करते. संसदेत विधेयक आलं की त्यात काय आहे, कुठे अडतं, याची टिपणं तयार.

हिशेबनीस
'ना नफा ना तोटा' कृपा करून लिहू नका. उभा जन्म ट्रस्टांचे हिशेब तपासण्यात गेला, या शब्दाने डोकं उठवलंय. ना नफा ना तोटा म्हणजे घेतलं त्या भावात विकलं, ग्राहक भांडारासारखं. नॉन-प्रॉफिट संस्थेला वर्षाअखेर शिल्लक उरू शकते, उरावीच, नाहीतर पुढच्या वर्षी पगार कुठून देणार? बंधन एवढंच की ती शिल्लक कोणाच्या खिशात जात नाही. कंपनी कायद्यात अशा संस्थांसाठी कलम ८ आहे, त्याखालच्या कंपनीला लाभांश वाटता येत नाही, उरलं ते उद्दिष्टावरच खर्च. आयकराची सूट हवी तर साधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग कामावर लावावा लागतो, १५ टक्क्यांपर्यंत मागे ठेवता येतो. कायद्यालाच शिल्लक मान्य आहे, मराठीला का नको? एका मंडळाच्या सभेत (नाव नको) मी चांगली शिल्लक दाखवली, तर एक सभासद ताडकन उठले, "आपण ना नफावाले, हा नफा आला कुठून?" तासभर त्यातच गेला. विषयपत्रिका तशीच राहिली.

रावपुऱ्याची सून
मग काय लिहू? 'विनानफा'?

हिशेबनीस
'नफ्यासाठी नसलेली'. लांब आहे, पण खोटं नाही.

शनिवारपेठी
'धर्मादाय' हा जुना, सोन्यासारखा शब्द आहे की.

सूरसागरकाठचा
धर्मादाय म्हटलं की फुकट दवाखाना. घरपट्टीवरचा अहवाल धर्मादाय कसा?

टाकेकर
मूळ प्रश्नाकडे येतो. 'टँक' परका आहे असं सगळे धरून चाललेत. इंग्रज आपल्याकडे आले तेव्हा तळी, टाकी बघून त्यांनी टँक उचलला, असं इंग्रजी कोशांतही सापडतं, गुजराती-मराठीकडे बोट दाखवून. आपलं टाकं, शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्या, गुजराती घरांच्या चौकाखालचं पावसाच्या पाण्याचं टांकुं, सगळं एकच. मजा म्हणजे पहिल्या महायुद्धात रणगाडे गुपचूप बनवताना 'पाण्याच्या टाक्या' म्हणून खपवले, म्हणून त्यांचंही नाव टँक पडलं. तेव्हा 'विचारटाकं' म्हणा, घरचंच आहे.

शनिवारपेठी
पोर्तुगीजमध्ये तांके आहे, तो 'अडवणे'वरून आला. तुमचं टाकं तिथे कशाला ओढता?

टाकेकर
पोर्तुगीज तरी गोव्यात काय डोळे मिटून बसले होते?

सूरसागरकाठचा
विचारटाकं! आत शेवाळ धरलेलं असणार. अहो, थिंक टँक म्हणजे आधी अमेरिकी बोलीत नुसतं 'डोकं'. मग दुसऱ्या महायुद्धात लष्करी योजना आखायची बंद खोली. अमेरिकेतली रँड १९४८ मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था झाली, तिच्यासारख्यांना हे नाव पुढे चिकटलं. तिथल्याच ब्रुकिंग्ज संस्थेची सुरुवात तर १९१६ ची, तेव्हा हा शब्द या अर्थाने नव्हताच.

हिशेबनीस
'ना-नफा' म्हणालात. तोटा गाळलात, आभारी आहे.

कल्पतरू
आपल्या जुन्या लोकांचं या शब्दाशिवाय अडलं नाही. पुण्यात १९३० मध्ये अर्थशास्त्राची गोखले संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. काम थिंक टँकचंच, नाव साधं 'संस्था'. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवायचे, त्यांनी दिल्लीला १९६३ मध्ये सीएसडीएस ही संशोधन संस्था काढली. तिचं हिंदी नाव विकासशील समाज अध्ययन पीठ. 'अध्ययन पीठ' वाईट आहे? आणि सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्ये निघाला, अनेक भाषांचे शब्द शेजारी शेजारी ठेवून. कोणाकडे असेल तर 'पॉलिसी'पुढे काय दिलंय ते बघा. बडोद्याचा प्रश्न बडोद्याच्या कोशातच सुटेल.

रावपुऱ्याची सून
'पीठ' म्हटलं की इथे कोणीतरी गिरणी काढणार. पण 'अध्ययन' चांगलं आहे, गुजरातीतही तोच अर्थ.

खवचट
शब्द कोणताही लावा, पैसे कोण देतं ते पत्रकात छापा. बिल्डरच्या देणगीवर घरपट्टीचा अहवाल लिहिला तर 'अध्ययन' नव्हे, वकिली.

सूरसागरकाठचा
हे मात्र खरं. पण सरकारचा पैसा म्हणजे स्वतंत्र का? नीती आयोग स्वतःला थिंक टँकच म्हणवतो.

शनिवारपेठी
आणि त्यातली 'नीती' ही नीतीच नव्हे, इंग्रजी आद्याक्षरं आहेत. यावर वेगळा धागा काढतो.

हिशेबनीस
खवचट, देणगीदारांची यादी अवश्य छापावी. परदेशी पैसा असेल तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेतच काढावं लागतं, आणि २०२० पासून त्यातला प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, आधी ५० चालायचा. आता संशोधकाचा पगार हा प्रशासनाचा खर्च की कामाचा, यावर माझं एका सीएशी वाजलं होतं. त्यांचं म्हणणं...

रावपुऱ्याची सून
काका, छापखाना सातला बंद होतो. तोपर्यंत काय लिहू ते सांगा.

टाकेकर
विचारटाकं.